कूलंट कुठे जात होतं?

माझी टर्बो पेट्रोल सेडान 2011 ची. पळते अजून मस्त, पण वय झालंय. दर महिन्याला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बोटभर कमी व्हायचं आणि पार्किंगमध्ये खाली थेंबही नसायचा. मी वरून नळाचं पाणी ओतत राहिलो, हा शुद्ध गाढवपणा.

एका सकाळी थंड इंजिनावर टॉर्च मारली, तर वॉटर पंपाखाली वाळलेला गुलाबी पापुद्रा. गळती बारीक होती. तापल्या इंजिनावरच थेंब वाळून जायचा.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नुसता पंप नका बदलू. थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं, प्लॅस्टिकपण भाजून ठिसूळ झालंय." मग होज (रबरी नळ्या) आणि कूलंटच्या टाकीचं झाकणही बदललं. झाकण किरकोळ वाटतं, पण दाब तेच धरतं, आणि त्या दाबामुळे कूलंट शंभर अंशांच्या बऱ्याच वरही उकळत नाही. नवीन कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं भरलं, सिस्टीममधली हवा काढली.

त्याच खेपेला ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतली ओल शोषतं, मी आता दर दोन वर्षांनी बदलतो. टायरवर 2316 दिसलं, म्हणजे ते बनले 2016 च्या तेविसाव्या आठवड्यात. नक्षी भरपूर शिल्लक होती, तरी वय झालं म्हणून काढले. बायकोने बिल पाहिलं, बोलली काही नाही.

रविवारी भर उन्हात खंबाटकी घाट चढलो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.