गोदाकाठाचा आराखडा ठरवताना : आधी काय, नंतर काय

नदीकाठाच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत फरशी, दिवे आणि कारंजी यांची चित्रे पुढे येतात. नाशिकमध्ये गोदावरीसाठी एकत्र येणाऱ्या नागरिक समितीने ती बाजूला ठेवून आधी पूररेषेचा नकाशा मागवावा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. नकाशा वाचणे अवघड वाटत असेल तर गोदापात्रातली आपली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहेच! पाणी मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याशी आले, यावरून नाशिककर पूर मोजतात. म्हणून बाक असो वा दिव्याचा खांब, 'पाणी मारुतीच्या गळ्याशी आल्यावर याचे काय होईल?' हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावा.

त्यानंतर, पुढे बदलता येणारे निर्णय आणि न बदलता येणारे निर्णय वेगळे काढावेत. फेरीवाल्यांची जागा किंवा वाहनबंदीची वेळ महिनाभर करून पाहता येते, चुकली तर मोडता येते. काँक्रीटचे तसे नसते. रामकुंड परिसरातील कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले आणि पुढे ते काढून जिवंत झरे मोकळे करावेत ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. अशा कामाला मंजुरी देण्यापूर्वी भूजलाच्या जाणकाराचे लेखी मत घ्यावे. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून येणारे सांडपाणी अडवण्याचा खर्चही घाटाच्या खर्चाआधीच धरावा.

पाहणी एकाच दिवशी उरकू नये. बुधवारच्या बाजाराच्या दिवशी, दशक्रिया विधींच्या गर्दीत आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना काठ निरनिराळा दिसतो. विक्रेत्यांना हलवायचे असल्यास २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीशी चर्चा करावी, आणि तीही निविदा निघण्यापूर्वी.

सिंहस्थ कुंभमेळा बारा वर्षांनी येतो. त्या गर्दीपुरती लागणारी कामे शक्यतो तात्पुरती ठेवावीत. मधल्या वर्षांतला काठ रोज येणाऱ्यांचा असतो.

इतिवृत्तात मान्य पर्यायाइतकेच नाकारलेले पर्याय आणि त्यांची कारणे नोंदवावीत. पूर ओसरल्यावर घाटावरचा गाळ कोण, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चातून उचलणार, हे ज्या आराखड्यात लिहिलेले नसेल, तो परत पाठवावा.