जॉब हिरवा, डेटा गायब: डेटा इंटिग्रेशन टूल वापरताना या चुका टाळा

सोमवारची सकाळ. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून सुटून ऐरोलीच्या ऑफिसात पोचलो, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि फोन वाजला. ठाण्याच्या शाखेतल्या फायनान्सच्या मॅडम. "अहो, या महिन्यात आपण एकही बिल फाडलं नाही का?" आवाज एकदम शांत. तसा शांत आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

डेटा इंटिग्रेशन टूल, म्हणजे एका सिस्टिममधला डेटा उचलून दुसरीत भरणारं सॉफ्टवेअर, उघडून पाहिलं तर रात्रीचे सगळे जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हिरवे. एकही एरर नाही, एकही टिकट नाही. मग वेळेकडे लक्ष गेलं. रोज चाळीस मिनिटं घेणारा विक्रीचा जॉब त्या रात्री अकरा सेकंदांत संपला होता. सोर्सकडून, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या सिस्टिमकडून, आलेल्या फाईलमध्ये फक्त कॉलमच्या नावांची पहिली ओळ होती. आमच्या जॉबने सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं: आधी टार्गेट टेबल (डेटा जिथे भरायचा ते) रिकामं केलं, मग शून्य ओळी भरल्या आणि 'सक्सेस' असं लिहून मोकळा झाला.

इन्फॉर्मॅटिका असो, डेटास्टेज असो, मायक्रोसॉफ्टचं एसएसआयएस असो की टॅलेंड, कुठल्याही टूलच्या हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच की दिलेल्या पायऱ्या न अडखळता पार पडल्या. डेटा बरोबर आहे असं ते टूल म्हणतच नाही, ते आपणच समजून घेतो. लाल जॉब परवडतो, कारण तो रात्री दोनला कुणाला तरी उठवतो. हिरवा जॉब चुकला तर ते महिनाअखेरीस, बहुधा ऑडिटरला, कळतं. म्हणून खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हिरव्या रंगाखाली दडणाऱ्या आहेत.

आधी रिकामं, मग भरणं

वरच्या प्रकारात दोष फाईल पाठवणाऱ्याचा होता, पण घर आमचं जळलं. टेबल रिकामं करून थेट त्यातच भरण्याऐवजी आधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे मधल्या तात्पुरत्या टेबलात, भरा. तिथे ओळी मोजा. नेहमीच्या आकड्याच्या आसपास असतील तरच पुढे ढकला. आणि जॉब किती वेळ चालला यावरही पहारा ठेवा. चाळीस मिनिटांचं काम अकरा सेकंदांत झालं तर टीमचं कौतुक करण्याआधी फाईल उघडून बघा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे अर्धवट फाईल. समोरचा सर्व्हर अजून फाईल लिहितोय आणि आपला जॉब ठरल्या वेळी येऊन ती वाचून घेतो. निम्मा डेटा येतो, जॉब हिरवाच. उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे: पाठवणाऱ्याने फाईल तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यावं. किंवा शेवटी एक छोटी खुणेची फाईल टाकावी, जिच्यात ओळींची संख्या असेल. ती येईपर्यंत आपला जॉब थांबून राहील.

बारा तारखेपर्यंत सगळं गोड

सोर्स ०५/०४ लिहितो, म्हणजे ५ एप्रिल. टूलची सेटिंग अमेरिकी असेल तर ते वाचतं ४ मे. वर्षात दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंत असलेल्या १४४ तारखा असतात. त्यातल्या ०४/०४ सारख्या १२ योगायोगाने बरोबर येतात, उरलेल्या १३२ चुकीच्या जागी जाऊन बसतात आणि कुणी तक्रार करत नाही. तेरा तारीख उजाडली की जॉब फेल होतो, कारण तेरावा महिना नसतो. बिचारा सपोर्टवाला तेरा तारखेची फाईल तपासत बसतो आणि आधीच्या बारा दिवसांत लागलेली वाट तशीच राहते.

यूएटी (वापरणाऱ्यांनी करायची अंतिम चाचणी) नेहमी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कशी येते हे मला अजून कळलेलं नाही, पण येते खरी. तुमच्या चाचणीच्या फाईलमध्ये २५ तारीख असलीच पाहिजे. तारखेचं रूप मॅपिंगमध्ये (कुठला कॉलम कुठे, कसा जायचा ते जिथे लिहितो तिथे) स्वतः लिहा, सर्व्हरच्या मर्जीवर सोडू नका. पाठवणारा ऐकणारा असेल तर त्याला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवायला सांगा.

पहाटे साडेपाचचं भूत

हे प्रकरण आम्हाला तीन आठवडे पुरलं. जॉब रात्री दोनला चालायचा, 'कालची' विक्री आणायचा आणि रोज परवाची आणायचा. तक्रार आली की सकाळी साडेनऊला मी हाताने तोच जॉब चालवायचो आणि आकडे चोख यायचे. मॅपिंग तेच, क्वेरी तीच. टीममधला एक जण तर म्हणाला, सर्व्हरला नारळ फोडूया.

सर्व्हर क्लाउडवर हलवला होता आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) होतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे ५ तारखेचे रात्रीचे दोन वाजले तेव्हा त्या सर्व्हरवर ४ तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्याला 'काल' विचारलं तर तो ३ तारीख सांगणार. पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडची तारीख एक होते, म्हणून माझा हाताने केलेला रन नेहमी बरोबर यायचा.

म्हणून जॉबच्या आत 'आजची तारीख' कधी विचारू नका. कुठल्या दिवसाचा डेटा हवा ते पॅरामीटर म्हणून बाहेरून द्या. त्याचा आणखी एक फायदा होतो: मागच्या मंगळवारचा लोड पुन्हा करायचा झाला तर कोडला हात लावावा लागत नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या सिस्टिमकडून डेटा घेत असाल तर त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर सरकतात हेही ध्यानात ठेवा. आपलं घड्याळ सरकत नाही, त्यामुळे आपल्याला ते आठवत नाही.

'बदललेलं तेवढंच आणा' यातली गळती

मोठ्या संस्थेत रोज अख्खं टेबल आणणं परवडत नाही. मग मागच्या वेळी आणलेल्या सगळ्यात नव्या ओळीची वेळ लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी त्यानंतरचं आणायचं, अशी पद्धत पडते. कागदावर ती निर्दोष दिसते.

आता असं समजा की एका व्यवहाराने १ वाजून ५९ मिनिटं ५० सेकंदांनी ओळीवर वेळेचा शिक्का मारला, पण व्यवहार पक्का झाला २ वाजून १० सेकंदांनी. तुमचा जॉब बरोबर दोनला आला. त्याला ती ओळ दिसली नाही, कारण ती अजून पक्की नव्हती. त्याने ५९ मिनिटं ५८ सेकंदांची दुसरी ओळ उचलली आणि तीच खूण लावून गेला. पुढच्या रात्री तो ५८ सेकंदांच्या पुढचं मागणार. आपली ५० सेकंदांची ओळ आता कधीच येणार नाही. दिवसाला अशा दोन-चार ओळी गळतात आणि वर्षअखेरीस ३१ मार्चच्या ताळेबंदात भोक दिसतं.

म्हणून दर वेळी थोडं मागे जाऊन आणा. अर्धा तास, एक तास, सोर्समधला सगळ्यात लांबलचक व्यवहार जेवढा वेळ घेतो त्याहून जास्त. काही ओळी दोनदा येतील, येऊ द्या. टार्गेटमध्ये नुसतं घालण्याऐवजी किल्लीवर (ओळ ओळखायच्या क्रमांकावर, जसा बिल क्रमांक) जुळवून, असेल तर बदला आणि नसेल तर घाला. या सवयीने आणखी एक दुखणं बरं होतं. पहाटे तीनला अर्धवट फेल झालेला जॉब नाईट शिफ्टचा मुलगा पुन्हा चालू करतो आणि सकाळी विक्री दुप्पट दिसते. साहेब खूश, थोडा वेळ. कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच, असा जॉब लिहिला असेल तर त्या मुलाला विचार करावा लागत नाही. पहाटे तीनला त्याने विचार करावा अशी अपेक्षाही बरी नव्हे.

आणि सोर्समधून खोडलेली ओळ? तिला बदलाची वेळच नसते, कारण ती ओळच उरत नाही. त्यासाठी डेटाबेसचा लॉग (बदलांची नोंदवही) वाचणारी पद्धत वापरा, किंवा आठवड्यातून एकदा दोन्हीकडच्या किल्ल्या ताडून बघा.

नावं, गावं आणि जिल्हे

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत) ३ बाइट्स घेतं. इथे मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजतात. 'ठाणे' दिसतं दोन अक्षरांचं, पण होतात १२ बाइट्स. 'नवी मुंबई' म्हणजे २५. ओरॅकल डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी मुद्दाम काही सांगितलं नाही तर बाइट्समध्ये धरली जाते, त्यामुळे २० चा कॉलम मोठा वाटला तरी नवी मुंबई त्यात मावत नाही. 'औरंगाबाद' २४ बाइट्समध्ये बसायचं, 'छत्रपती संभाजीनगर'ला ४९ लागतात. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा १० अक्षरांवरून थेट २५ वर गेलं. ३० बाइट्सच्या कॉलमात काही टूल्स एरर देतात, काही गुपचूप कापून 'छत्रपती सं' आणि पुढे तुटक्या अक्षराचं प्रश्नचिन्ह ठेवतात. चाचणीला 'एबीसी ट्रेडर्स' घेतलं तर यातलं काहीही सापडणार नाही. म्हणून प्रॉडक्शनचा (खऱ्या ग्राहकांचा) डेटा उचलून यूएटीत टाकावा असंही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बसून पन्नास लांबलचक मराठी नावं-पत्ते स्वतः रचा. पत्त्यात स्वल्पविराम घाला, शेरा दोन ओळींत तोडा. सीएसव्हीचे (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे करणाऱ्या फाईलचे) कॉलम सरकतात ते इथेच.

जिल्ह्याचं लुकअप (पत्त्यावरून दुसऱ्या टेबलात जिल्हा शोधणं) हा तर आमच्या भागाचा खास विषय. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. वसईच्या ग्राहकाचं २०१२ चं बिल ठाण्यात मोजायचं की पालघरमध्ये? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, पण ते बिझनेसवाल्यांनी ठरवायचं, मॅपिंग लिहिणाऱ्याने नव्हे. टेबलात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम नसतील तर टूल आजचा जिल्हा लावून इतिहास बदलून टाकेल. खारघरचं तसंच. लोक पत्ता नवी मुंबई लिहितात, पण जिल्हा रायगड आणि २०१६ पासून महापालिका पनवेल. शहराच्या नावावरून जिल्हा काढणारं लुकअप इथे हमखास तोंडावर पडतं. लुकअपमध्ये एकाच किल्लीच्या दोन ओळी निघाल्या तर आणखी मजा: काही टूल्स पहिली घेतात, काही शेवटची, आणि साधा जॉइन (दोन टेबलं जोडणं) असेल तर बिलंच दुप्पट होतात.

एक्सेल

एक्सेल हा सोर्स नाही असं मी प्रत्येक बैठकीत म्हणतो आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक तरी एक्सेल असतंच. तेव्हा एवढं तरी पाहा. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे धरत नाही, १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. ०२२ चं २२ होतं. एसएसआयएस ज्या ड्रायव्हरने एक्सेल वाचतं तो मूळ सेटिंगमध्ये पहिल्या ८ ओळी पाहून कॉलमचा प्रकार ठरवतो. पहिले आठ कर्मचारी क्रमांक नुसते आकडे असले आणि नववा 'टी' ने सुरू झाला, तर नववा रिकामा येतो. जोडणीत 'आयमेक्स=१' (मिश्र कॉलम मजकूर म्हणून वाच) लिहिलं तरी पहिल्या आठात एखादा मजकूर असावा लागतो. आम्ही पहिल्या ओळीत एक खोटा मजकूर घालून ठेवतो आणि आत आल्यावर ती ओळ गाळतो. गावठी उपाय आहे, पण चालतो.

माणूस गेला, जॉब गेले

हे निदान लाल होतं. एका सहकाऱ्याचा शुक्रवारी शेवटचा दिवस. केक कापला, संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद झालं, आणि रात्री चौदा जॉब पडले. सगळे त्याच्या स्वतःच्या खात्यावर चालत होते. एसएसआयएसमध्ये पॅकेजची मूळ सेटिंगच अशी आहे की पासवर्ड ते बनवणाऱ्याच्या विंडोज लॉगिनच्या किल्लीने बंद होतात, म्हणून दुसऱ्याच्या खात्यावर ते उघडत नाहीत. जॉबसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट (कुणा माणसाचं नसलेलं खातं) घ्या आणि त्याचा पासवर्ड कधी संपतो ते टीमच्या कॅलेंडरवर लिहा.

आकडा जुळत नाही म्हणाले, तर

लगेच मॅपिंग उघडू नका. आधी चार ठिकाणी मोजा: सोर्स, स्टेजिंग, रिजेक्ट (टूलने नाकारलेल्या ओळी), टार्गेट. नुसत्या ओळी मोजून भागत नाही, रकमेची बेरीजही घ्या, कारण एक ओळ गळून दुसरी दुप्पट झाली तर संख्या तीच राहते. फरक कुठल्या टप्प्यावर पडला ते कळलं की तिथली एकच नोंद पकडा, एक बिल क्रमांक, आणि सोर्सपासून रिपोर्टपर्यंत तिचा माग काढा. लाखभर ओळींकडे बघून काही समजत नाही, एका बिलाकडे बघून बहुतेकदा समजतं. रिजेक्टचा फोल्डर तर बघाच. आमच्याकडे तो दोन वर्षं कुणी उघडला नव्हता. डिस्क भरली म्हणून डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) उघडला, तेव्हा कळलं की ज्यांचा पिनकोड रिकामा आहे ते सगळे ग्राहक तिथे मुक्कामाला आहेत.

ही मोजणी रोज आपोआप व्हावी म्हणून इशारे लावले जातात: ओळी निम्म्याहून कमी आल्या की मेल. त्या इशाऱ्याला सुट्ट्या शिकवा. रविवारची तुलना रविवारशी करा. गणेशचतुर्थीला महाप्याच्या पट्ट्यातले कारखाने बंद, बिलं कमी, इशारा वाजणारच. सणाच्या दिवशी चार वेळा मेल आला की कुणीतरी वैतागून तो बंद करतो. आमच्याकडे गणपतीत बंद केलेला एक इशारा दिवाळी उलटल्यावर सापडला. तो बंद करणारा मीच होतो.