६०० एमएमला फोटो सॉफ्ट येतोय? लेन्स विकायच्या आधी या चुका टाळा

"झूम लेन्स २०० एमएमपर्यंत मस्त आहे पण ६०० ला सॉफ्ट म्हणजे धूसर येते, विकून टाकू का?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो आधी फोटो शंभर टक्के झूम करून नीट बघा. पक्षी धूसर पण त्याच्या मागचं-पुढचं गवत कडक शार्प असेल तर फोकस चुकलाय, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय, आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये कडा दर वेळी वेगळ्याच लहरत असतील तर लेन्सला दोष देऊच नका, ती तापलेली हवा आहे.

या हवेकडे कुणी लक्षच देत नाही. भिगवणला फ्लेमिंगोसाठी पहाटे गेलात तर फोटो छान येतात, पण ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावर आणि काठच्या जमिनीवर हवा थरथरायला लागते आणि लांबचा थवा कुठल्याही लेन्सने शार्प येत नाही, मग ती कितीही लाखांची असो. गाडीत एसी लावून खिडकीतून शूट करणाऱ्यांचंही तेच होतं, आतली गार आणि बाहेरची गरम हवा लेन्सच्या तोंडाशीच मिसळते. एसी बंद करा, काच खाली करून थोडा वेळ थांबा, आणि शक्य तेवढं जवळ जा, यावर दुसरा इलाज नाही.

दुसरं म्हणजे डेप्थ, म्हणजे पुढे-मागे किती भाग शार्प येतो ते. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ६०० एमएम, एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि पक्षी १० मीटरवर, तर शार्प पट्टा जेमतेम १० सेंटीमीटरचा असतो. म्हणजे पंखावर फोकस बसला की डोळा गेला! कॅमेऱ्याला सगळे फोकस पॉइंट देऊन मोकळं होऊ नका, आय डिटेक्शन (डोळा ओळखून फोकस करायची सोय) नसेल तर सिंगल पॉइंट किंवा छोटा झोन घ्या, डोळ्यावर ठेवा, आणि पक्षी हलता असेल तर कंटिन्युअस फोकस लावा, तो पक्ष्यासोबत सरकत राहतो. शटर निदान १/१००० सेकंद, उडणारा असेल तर त्याहून जास्त, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतो, पक्ष्याचे पंख नाही.

फोकस मागे-पुढे फिरत राहतो पण लागतच नाही, असं असेल तर आधी लेन्सच्या बाजूचं लिमिटर स्विच बघा, फोकस किती अंतराच्या टप्प्यात शोधायचा ते त्यावर ठरतं. कॅननच्या १००-४०० मार्क टूवर ते ३ मीटर ते इन्फिनिटीवर राहिलं आणि फुलपाखरू दीड मीटरवर असलं तर काय वाट्टेल ते करा, फोकस लागणार नाही. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीवर त्याच स्विचवर १० मीटर ते इन्फिनिटी असा टप्पा असतो.

आधी फोकस करून मग झूम करायची सवयही सोडा, बहुतेक फोटो झूममध्ये फोकल लेंथ बदलली की फोकस सरकतो, म्हणून आधी झूम, मग फोकस.

स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून एकदा टेस्ट करा, लांब फोकल लेंथला त्याचा फरक लगेच दिसतो. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा १.४ चा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप खातो (म्हणजे उजेड निम्मा होतो) आणि २ चा दोन, त्यामुळे एफ ६.३ च्या लेन्सवर बऱ्याच डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस हात टेकतो.

हे सगळं करूनही स्थिर वस्तूवर, ट्रायपॉडवर, चांगल्या उजेडात फोकस दर वेळी ठरावीक अंतर पुढे किंवा मागेच पडत असेल, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) मात्र बरोबर येत असेल, तर डीएसएलआरमध्ये मायक्रो अ‍ॅडजस्ट करा, म्हणजे मेन्यूतून फोकस थोडा पुढे-मागे सरकवून घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्येही सॉफ्टच असेल तर मग खुशाल सर्व्हिस सेंटर गाठा, आणि जाताना ते टेस्टचे फोटो सोबत न्या.