सोलापुरात नवीन आलात? रविवारी चर्चला काय घालून जायचं ते सांगते

सगळ्यांना सलाम. मी २००६ ला कल्याणहून इथं आले, मिस्टरांची रेल्वेत बदली झाली म्हणून, दोन-तीन वर्षं काढू आणि परत जाऊ असं ठरवून आलो होतो आणि इथलेच झालो. दरवर्षी जून-जुलैत बदलीवाली कुटुंबं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, विद्यापीठात शिकायला आलेली पोरं येतात, आणि ओळख झाली की दुसरा-तिसरा प्रश्न हाच असतो, काकू इथं चर्चला काय घालतात? म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट ऊन. मार्चपासून जूनपर्यंत सोलापूर तापतं, मे मध्ये पारा ४२-४३ ला सहज जातो आणि उपासना दीड-दोन तास चालते, वर नुसते पंखे. सिल्क, नायलॉन, जॉर्जेट नेसून बसलात तर प्रार्थनेत मन लागणार नाही, सगळं लक्ष घाम पुसण्यात जाईल. कॉटनची साडी किंवा सैल कॉटनचा ड्रेस आणि ओढणी, पुरुषांना साधा हाफ शर्ट आणि पॅन्ट, एवढं पुरे. बाहेर कुठून मागवू नका, नवी पेठेत हिंडलात की परवडेल असं कॉटन मिळतं, कापडाचंच गाव आहे हे. इरकल साडी मिळाली तर एक घ्याच, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या बायका इरकलच नेसतात आणि प्रार्थनेला पाळक (पास्टर) उभे राहिले की पदर आपोआप डोक्यावर जातो, ते बघूनच मन शांत होतं.

आता पांढऱ्या कपड्याचं सांगते, कारण नवीन माणूस इथंच गोंधळतो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात, आणि त्या दिवशी बऱ्याच बायका पांढरी नाहीतर एकदम फिकी साडी नेसतात. मला हे माहीतच नव्हतं. माझा इथला पहिलाच रविवार नेमका प्रभुभोजनाचा निघाला आणि मी राणी कलरची मोठ्या काठाची साडी नेसून गेलेले, आत गेल्यावर सगळं पांढरंच पांढरं, पाय तिथंच अडकले. शेजारच्या बाकावरच्या आजींनी सरकून जागा दिली, उपासना संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "पहिल्या रविवारी आम्ही पांढरं नेसतो बाई, जमलं तर तू पण नेस, नाही जमलं तर आहे ते नेस, पण ये." त्या आजी आता नाहीत. नवीन कोणी आलं की मी त्यांचंच वाक्य सांगते.

पांढऱ्याचा मान या गावाला काही नवीन नाही हो. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांबरोबर, पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घालून चालणारी माणसं एकदा बघा, मग कळेल की सोलापूरकर देवासमोर जाताना अंगावरच्या कपड्याचा किती विचार करतो. आपली श्रद्धा वेगळी, पण मला ते बघून नेहमी वाटतं की आपणही रविवारचे कपडे तेवढ्याच मनापासून काढून ठेवावेत. आणि ठेवायचे म्हणजे खरंच आधी ठेवायचे, कारण इथं नळाला रोज पाणी येत नाही, आपल्या भागात कोणत्या दिवशी येतं ते घरमालकाला विचारून घ्या आणि पांढरे कपडे त्याच दिवशी धुवा, नीळ घाला. शनिवारी रात्री इस्त्री करून टाका, रविवारी सकाळी ऐनवेळी लाईट गेली की चुरगळलेलं घालून जायची वेळ येते. पांढरं कॉटन उजेडात आरपार दिसतं, त्याला अस्तर किंवा चांगला परकर हवा, हे पण बघून घ्या.

डोकं झाकायचं का, हे मुली फार विचारतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायावरून प्रार्थनेच्या वेळी पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात, मोठ्या बायका जास्त, तरुण मुली कमी. त्याच अध्यायावरून पुरुष डोकं उघडं ठेवतात, म्हणून टोपी आणि हेल्मेट बाहेरच. कॅथलिक मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, गेलात तर १९१७ च्या त्यांच्या धर्मसंहितेत बायकांनी डोकं झाकायचं असं होतं, १९८३ च्या संहितेत ते कलम राहिलं नाही, पण घ्यायचं असेल तर कोणी अडवत नाही. स्कूटीवर उन्हासाठी तोंडाला बांधलेला स्कार्फ दारात सोडा, झटका आणि तोच डोक्यावर घ्या, काम झालं.

छोट्या मंडळ्या घरात किंवा हॉलमध्ये भरतात, तिथं चपला बाहेर आणि सतरंजीवर बसायचं, एका बाजूला पुरुष एका बाजूला बायका. टाईट जीन्स आणि आखूड कुर्तीत मांडी घालून दोन तास बसवत नाही, मी मुलींना नेहमी सांगते की सलवार आणि लांब कुर्ता घाला. पोरांनो बर्मुडा नको, आणि पाठीवर काहीबाही लिहिलेला टीशर्ट नको, मागच्या बाकावरचा माणूस पूर्ण उपदेशभर तेच वाचत बसतो. लहान मुलींचे घुंगराचे पैंजण त्या दोन तासांपुरते काढून ठेवा.

गुड फ्रायडेला १२ ते ३ उपासना असते, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायला. ऐन उन्हाची वेळ. त्या दिवशी पांढरं किंवा साधं घाला, दागिने जवळजवळ नकोत, पाणी पिऊन निघा आणि घाम पुसायला एक सुती नॅपकिन घ्या. ईस्टरला पहाटे मात्र नवीन, रंगीत, हवं ते घाला, आनंदाचा दिवस आहे. नाताळचं सांगायलाच नको.

मैत्रिणीच्या लग्नाला किंवा कोणाच्या मातीला म्हणून हिंदू मैत्रिणी येतात, त्या विचारतात टिकली काढू का. काढू नका. तुमची टिकली तुमची आहे. लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते म्हणून आपण रंगीत नेसायचं, मातीला पांढरं किंवा फिकं, आणि कब्रस्तानात मातीतून चालावं लागतं म्हणून सपाट चप्पल.

एक गोष्ट मनात बोचते ती पण लिहिते. पूर्वी एका ठिकाणी, नाव घेत नाही, हॉस्टेलची एक मुलगी जीन्स आणि बिनबाह्यांचा टॉप घालून आली होती, एका बाईंनी तिला दारातच सगळ्यांसमोर सुनावलं. ती गेली ती परत आलीच नाही, मी नंतर तिच्या हॉस्टेलवर दोनदा जाऊन आले. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायाशी बस म्हणणाऱ्यांना केवढं झापलंय, ते आपण वाचतो आणि दारात विसरतो. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये कायम एक जास्तीची पांढरी ओढणी असते. कोणाला हवी असेल तर हळूच देते, उपासनेनंतर परत घेते, कधी कधी घेत पण नाही.

म्हणून चांगले कपडे नाहीत, पगार झाल्यावर घेते आणि मग येते, असं कोणी म्हणू नका. धुतलेलं आहे ना, मग या. डावीकडे पंख्याखाली तिसऱ्या बाकावर मी असते.