ई-२० इंधनावर टर्बो पेट्रोल गाडीचे ट्यूनिंग: गोव्याची हवा आणि घाट लक्षात घेऊन

गोव्यातील पेट्रोल पंपांवर आज जे साधे पेट्रोल मिळते, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; म्हणून त्याला ई-२० म्हणतात. इथेनॉलचा ऑक्टेन अंक (अवेळी पेट न घेता दाब सोसण्याची इंधनाची क्षमता) १०८ च्या आसपास आहे आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. म्हणून दाबाखाली तापलेली हवा घेणाऱ्या टर्बो इंजिनाला ते मानवते. मात्र लिटरमागे त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे तेवढ्याच कामाला अधिक इंधन लागते. ट्यूनिंगमध्ये या दोन गोष्टींचा मेळ घालायचा असतो, आणि तो पंपावरील फलकाच्या भरवशावर न घालता टाकीत प्रत्यक्ष असलेल्या इंधनावर घालायचा असतो.

आधी गाडी या इंधनाला योग्य आहे का, ते पाहावे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि पंप तपासून घ्यावेत. इथेनॉल जुन्या टाकीतील साचलेला थर सोडवते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर इंधन फिल्टर बदलणे शहाणपणाचे ठरते. रीमॅप केल्यास, म्हणजे ईसीयू या इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील आकडे बदलल्यास, कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते, हे मालकाने काम सुरू होण्यापूर्वीच समजून घ्यावे.

इंधनातील इथेनॉल मोजण्यासाठी १०० मिलिलिटरची खुणा असलेली काचेची नळी पुरते. मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, तीत ८० मिलिलिटर इंधन आणि २० मिलिलिटर पाणी घालावे, बूच लावून हलवावे आणि थर वेगळे होईपर्यंत थांबावे. इथेनॉल पाण्यात उतरत असल्याने खालचा थर वाढतो. तो ३६ मिलिलिटरपर्यंत आला, तर वाढलेले १६ मिलिलिटर म्हणजे ८० चे वीस टक्के. एक-दोन टक्क्यांची चूक गृहीत धरावी. ज्यांना कायमची व्यवस्था हवी त्यांनी इंधनाच्या नळीत फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवावा. तो इथेनॉलचे प्रमाण ५० ते १५० हर्ट्झच्या संकेतातून ईसीयूला कळवतो. अर्थात, ईसीयूला तो संकेत वाचता आला पाहिजे. मिश्रण घरी वाढवण्याच्या फंदात पडू नये. शुद्ध अल्कोहोलवर अबकारी खात्याचे नियंत्रण आहे, आणि गमतीने का होईना, ज्या फेणीचा विषय गॅरेजमध्ये हमखास निघतो तिच्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते.

आता इंधनाचा नकाशा, म्हणजे कोणत्या वेगाला आणि भाराला किती इंधन द्यायचे याचा ईसीयूतील तक्ता. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलचे हवा-इंधन गुणोत्तर १४.७, ई-१० चे सुमारे १४.१ आणि ई-२० चे सुमारे १३.५ असते, म्हणजे ई-१० साठी बसवलेल्या नकाशाला ई-२० वर सुमारे चार टक्के इंधन वाढवावे लागते. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण पेट्रोलसाठी आखलेला वाइडबँड मीटर (धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) ई-२० वरही पूर्ण ज्वलनाच्या बिंदूला १४.७ हाच आकडा दाखवतो. म्हणून सर्व लक्ष्ये लॅम्डामध्येच लिहावीत (कोणत्याही इंधनाला पूर्ण ज्वलनाचा बिंदू म्हणजे १; त्याखाली इंधन जास्त): हलक्या भाराला १.००, पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबाला, ०.८० ते ०.८५. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून करत असलेली इंधनाची दुरुस्ती) शून्याच्या तीन टक्के इकडेतिकडे स्थिरावेपर्यंत पुढे जाऊ नये. पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत इंधन फवारणाऱ्या) गाडीत ६००० आरपीएमला एका आवर्तनासाठी, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांसाठी, २० मिलिसेकंद मिळतात. त्यातील १७ मिलिसेकंदांहून अधिक काळ इंजेक्टर उघडा राहत असेल, तर त्याची क्षमता संपत आली आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ही मुदत फारच कमी असते, म्हणून तिथे रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब पाहावा. पूर्ण भाराला तो लक्ष्यापासून खाली घसरू लागला, तर उच्चदाब पंप अपुरा पडत आहे असे समजून बूस्ट कमी करावा.

इग्निशनला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेला (टायमिंगला), हात त्यानंतरच लावावा, आणि तोही डायनोवर (गाडी जागेवर ठेवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर), महामार्गावर नव्हे. अंश-अर्धा अंश पुढे नेत टॉर्क पाहावा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबावे, आणि त्याआधीच नॉक सेन्सरमुळे (इंधनाने अवेळी पेट घेतल्याचा ठोका, म्हणजे नॉकिंग, ओळखणारा) टायमिंग मागे खेचले जाऊ लागले तर दोन अंश परत यावे. मिश्रणातील मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचे असेल, तर इथेनॉलचा फायदा तेवढ्याने आटतो. म्हणून परदेशी नकाशातील टायमिंगचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आर्द्र हवेत नॉकिंग थोडे दबते, त्यामुळे जुलैच्या पावसात बसवलेला नकाशा जानेवारीच्या कोरड्या दुपारी पुन्हा तपासावा लागतो. हे सहसा कोणी करत नाही.

बूस्ट वाढवण्याची घाई मला अनावश्यक वाटते. फोक्सवॅगन-स्कोडाचे १.५ टीएसआय इंजिन कंपनीकडूनच २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि त्यासोबत येणाऱ्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सची मर्यादाही तेवढीच आहे. वाढवलेल्या टॉर्कचा भार पुढे क्लचवरच पडतो. लहान डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत २००० आरपीएमच्या खाली मोठा बूस्ट देणे तर टाळावेच, कारण तिथे ठिणगीपूर्वीच पेट घेण्याचा धोका असतो आणि त्यातून पिस्टन फुटू शकतो. बूस्ट वाढवायचाच असेल, तर एक श्रेणी थंड स्पार्क प्लग घालावेत आणि त्यांची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी.

खरी परीक्षा चोर्ला घाटात होते. साखळीहून बेळगावकडे चढताना रस्ता सुमारे ८०० मीटर उंचीवर जातो, हवा विरळ होते आणि तोच दाब राखण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते; त्यातच ट्रकमागे रांगत गेल्याने टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा मिळत नाही. त्यामुळे आत येणाऱ्या हवेचे तापमान ५० अंशांवर गेल्यावर टायमिंग आणि बूस्ट दोन्ही आपोआप उतरतील, अशी तरतूद नकाशात ठेवावी. वर बेळगावात टाकी भरली, तर तेथील इंधन पुन्हा मोजावे.

शेवटचा मुद्दा पावसाचा. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. पंप तोच थर इंजिनाकडे पाठवतो आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो. जहाजावर नोकरीला असलेल्या तारवट्यांच्या गाड्या अंगणात महिनोन्महिने उभ्या असतात. त्यांनी जाण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, ईसीयूत कंपनीचा मूळ नकाशा परत घालावा, आणि परतल्यावर जुने इंधन काढून ताज्या इंधनाची नळीत चाचणी केल्यानंतरच ट्यूनिंगचा नकाशा चढवावा.