प्रार्थनेत देवाची वाणी कशी ओळखावी

आपल्या बहुतेकांच्या प्रार्थनेचा क्रम ठरलेला असतो. आधी स्तुती, मग पापकबुली, मग आभार, त्यानंतर विनंत्यांची लांबलचक यादी, आणि 'आमेन' म्हणताच आपण उठतो. देवाला काही बोलायचे असेल तर त्याच्यासाठी त्यात जागाच उरत नाही. ऐकण्याची सवय लावायची म्हणजे पहिल्यांदा ही जागा मोकळी करायची. मात्र ती मोकळी केल्यावर कानांवर स्पष्ट शब्द पडतील, ही अपेक्षा सोडून द्यावी. बहुतेक वेळा एखादे वचन मनातून हलत नाही, एखाद्या बाबतीत बोचणी लागून राहते, किंवा एखाद्या दिशेकडे शांतपणे ओढ वाटू लागते. यांपैकी देवाकडून काय आले आणि आपल्याच मनातून काय उगवले, याची पारख करणे हे खरे शिक्षण आहे. कान देणे हा त्यातला सोपा भाग आहे.

सुरुवात शरीरापासून करावी. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर शांत, मंद वाणी ऐकू आली, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी तो रतामाच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या, सावलीत मरण मागत पडला होता आणि देवदूताने त्याला उपदेश न करता भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले, हे प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते. जागरणाने आणि कामाच्या ओझ्याने थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवाच देवाची नापसंती वाटू शकतो. म्हणून रात्री अकरा वाजता पेंगत बसण्यापेक्षा सकाळची वीस मिनिटे बरी. जागा रोज तीच ठेवावी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. नुसता उपडा ठेवून भागत नाही.

त्यानंतर पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक छोटा उतारा घ्यावा. उदाहरणार्थ, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी असलेली आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट. ती सावकाश, ओठ हलवत, दोनदा वाचावी. लोक त्याला गप्प राहायला सांगतात, तो अधिकच ओरडतो, येशू थांबतो, आणि तो आपले वस्त्र टाकून उठतो. दुसऱ्या वाचनात आपण कोठे अडखळतो ते पाहावे. कोणाला गप्प करणारे लोक खुपतील, कोणाला ते टाकलेले वस्त्र. कोणी येशूच्या प्रश्नापाशी थबकेल, कारण समोर आंधळा उभा असताना 'मी तुझ्यासाठी काय करावे' असे तो का विचारतो, हे चटकन उमगत नाही. जिथे थबकलो तिथेच राहावे, पुढचा अध्याय गाठण्याची घाई करू नये. मग त्या ओळीविषयी देवाशी चार शब्द बोलावे आणि नंतर काही मिनिटे काहीच बोलू नये. या शांततेत गॅसचे बुकिंग, मुलांची फी, कालचे भांडण असे सारे आठवेल. त्याच्याशी झटापट करू नये. जे आठवले त्याचे नाव घेऊन ते प्रभूच्या हाती द्यावे आणि पुन्हा त्या ओळीकडे यावे. उठताना वहीत दोन-तीन वाक्ये लिहावी, तारखेसह.

डोळे मिटून शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजचे उत्तर मानायचे, ही पद्धत आपल्या घराघरांत चालते. देव तिच्यातूनही बोलू शकणार नाही असे कोण म्हणेल? पण तिने ऐकण्याची सवय लागत नाही, आणि मनाजोगे वचन निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बोट ठेवण्याचा मोह मात्र पक्का जडतो.

आता पारखीविषयी. या बाबतीत येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी लिहिले आहे. 1521 साली पाँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी शौर्याची आणि एका थोर स्त्रीची मर्जी जिंकण्याची स्वप्ने रंगवत, तर कधी ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचून त्यांच्यासारखे जगण्याचा विचार करत. दोन्ही विचार चालू असताना गोडच लागत. फरक मागाहून पडे: पहिल्यानंतर मन कोरडे आणि असमाधानी होई, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. त्यांच्या साधनेची पुढची सारी इमारत या निरीक्षणावर उभी आहे. म्हणून एखादा विचार देवाचा वाटला तर तो येताना कसा वाटला यापेक्षा गेल्यावर काय ठेवून गेला, हे विचारावे. प्रीती, धीर, सेवेची तयारी वाढली, की अहंकार, घाई आणि इतरांविषयीची कटुता?

त्यांचा आणखी एक नियम फार उपयोगी आहे, तरी त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रार्थनेत खरोखरच देवाचा स्पर्श झाला, तरी तो क्षण आणि त्यानंतरची ऊब या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या. त्या उबेत आपले मन आपल्या योजना जोडू लागते. 'गरिबांची काळजी घे' एवढे मनाला लागले असेल, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे 'नोकरी सोडून संस्था काढ' असे झालेले असते. पहिला भाग कृतज्ञतेने स्वीकारावा, दुसरा मात्र कसोटीला लावावा. वहीत तारखेसह लिहिण्याचा फायदा इथे कळतो, कारण आधी नेमके काय लागले होते हे आठवणीच्या भरवशावर सांगता येत नाही. उलट, मन कोरडे पडले असताना, देव दूर गेल्यासारखा वाटत असताना, आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये, असेही ते बजावतात.

प्रॉटेस्टंट वाचकांना ही कॅथॉलिक वाट अनोळखी वाटेल. तरी सर्व गोष्टींची पारख करण्यास प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला सांगितले आहे आणि आत्म्यांची परीक्षा करण्यास योहानाने. शास्त्राच्या उघड शिकवणीविरुद्ध जाणारी 'वाणी' तिथेच बाद होते. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी, विशेषतः लग्नाविषयी, 'देवाने मला सांगितले' असे म्हणून त्याच्यावर ओझे टाकणे मला तरी देवाच्या नावाचा गैरवापर वाटतो. आणि आवाज खरोखर कानांवर पडत असतील, स्वतःला किंवा कोणाला इजा करायला सांगत असतील, तर पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नये.

एकट्याने पारख करणे अवघड असते. मंदिरात सेवा करणाऱ्या बालक शमुवेलाला देवाची हाक तीनदा ऐकू आली आणि तीनही वेळा तो एलीकडे धावला; ती कोणाची हाक आहे हे दृष्टी मंद झालेल्या त्या वृद्ध याजकाने ओळखले. आणि पहिलाच संदेश एलीच्या घराण्याविरुद्धचा निघाला, तरी एलीने तो मुलाकडून आग्रहाने काढून घेतला. असा माणूस शोधावा: आपल्या निर्णयात ज्याचा स्वार्थ नाही आणि जो आपल्याला न रुचणारेही सांगू शकतो. जी गोष्ट त्याला सांगायला आपण टाळतो, ती बहुधा आधी सांगण्याचीच असते.

मोठा निर्णय समोर असेल, समजा आखातात नोकरीला जायचे की आईवडिलांजवळ राहायचे, तर इग्नेशियस सुचवतात त्याप्रमाणे अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला असता तर त्याला काय सांगितले असते, ते लिहून काढावे. मग दोन्ही बाजूंचे लाभ-तोटे मांडावे, कल कुठे आहे ते देवापुढे ठेवावे, आणि काही दिवस थांबून मनात काय टिकते ते पाहावे. दरम्यान वही त्या विश्वासू माणसापुढे उघडावी आणि तो वाचत असताना मध्ये स्पष्टीकरण देऊ नये.