सर्व्हर स्लो होता, गुन्हेगार भलताच निघाला

डेडिकेटेड सर्व्हर (अख्खं मशीन फक्त आपल्यासाठी), ३२ जीबी रॅम, तरी साइट उघडायला पाच-सहा सेकंद. मी आधी दोन दिवस अपाचेच्याच, म्हणजे वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलो, त्याचे वर्कर (पानांच्या मागण्या हाताळणाऱ्या प्रोसेस) वाढवले तर उलट अजून रखडायला लागलं. मग शांतपणे टॉप (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर सीपीयू जवळजवळ मोकळा, पण डब्ल्यूए चा आकडा (सीपीयूचा किती टक्के वेळ डिस्कची वाट बघण्यात जातो तो) चाळीसच्या वर, म्हणजे सगळे डिस्ककडे तोंड करून बसलेत. मायएसक्यूएल या डेटाबेसचा इनोडीबी बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) बघितला, डिफॉल्ट १२८ एमबी! डेटाबेस ९ जीबीचा, रॅम रिकामी पडलीय आणि हा बिचारा प्रत्येक क्वेरीला डिस्कवर पळतोय. १२ जीबी केला. नुसता डेटाबेसच असता तर ७०-८० टक्के रॅम दिली असती, पण वेब सर्व्हर पण त्याच मशीनवर आहे ना. फरक लगेच दिसला.

रात्री रीस्टार्ट केलं, परत स्लो. बफर पूल सेट ग्लोबल या कमांडने बदललेला, ती रीस्टार्टपर्यंतच टिकते, आणि कॉन्फिग फाइलमध्ये लिहायलाच विसरलो होतो, डोक्यावर हात मारून घेतला. नंतर स्लो क्वेरी लॉग (वेळ खाणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू केला, त्यात एकच क्वेरी सारखी येत होती, ऑर्डर टेबलवर तारखेच्या कॉलमला इंडेक्सच (पुस्तकाच्या सूचीसारखी, नोंदी पटकन शोधून देणारी यादी) नव्हता. तो टाकल्यावर पान एका सेकंदाच्या आत. अपाचेचे वर्कर गुपचूप पहिल्यासारखे केले.